विंडोज सोडण्याआधी फायली सोडवा

आमच्या घरचा लॅपटॉप 2016 सालचा. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क, आणि विंडोज 10. बाबांचा सगळा लेखनप्रपंच त्यावर, आईचं बँकेचं आणि लाइट बिलाचं कामही त्यावरच. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला आणि घरात विषय निघाला, की आता काय करायचं?

सपोर्ट थांबला म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखाच सुरू झाला. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. प्रणालीत, म्हणजे संगणक चालवणाऱ्या विंडोजमध्ये, एखादं भगदाड सापडलं की ते बुजवणारं अपडेट यायचं, ते आता येणार नाही. (घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ मिळते, पण तेवढीच.) ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात ते असं उघडं ठेवणं मला पटेना. विंडोज 11 टाकावं, तर त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आमचं चालतं यंत्र भंगारात काढायचं, नाहीतर त्यावर दुसरी प्रणाली टाकायची. आम्ही दुसरी प्रणाली टाकली, लिनक्स. त्या अनुभवातून जे समजलं ते इथे नीट मांडते, कारण हा प्रश्न आज हजारो घरांत आहे. मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत त्यात एक जास्तीची गाठ आहे, आणि ती गाठ सोडवायची कशी हे कुणी आधी सांगत नाही.

आधी मुळात प्लॅटफॉर्म बदलणं म्हणजे काय ते बघू. विदर्भातल्या वाचकांना शकुंतला आठवत असेल. यवतमाळहून मूर्तिजापूरला येणारी नॅरोगेजची गाडी, रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी लाइन, तिचं अंतर 1676 मिलिमीटर. शकुंतलेचं इंजिन कितीही ठणठणीत असलं तरी मोठ्या रुळावर चढू शकत नव्हतं. कापसाच्या गाठी मात्र उतरवून मोठ्या गाडीत भरता यायच्या आणि पुढे मुंबईला जायच्या.

संगणकातही तसंच आहे. विंडोज हा एक रूळ, लिनक्स हा दुसरा. वर्ड, फोटोशॉप, टॅली ही इंजिनं. प्रत्येक प्रोग्राम पावलोपावली प्रणालीला काहीतरी मागत असतो. फाइल उघड, पडद्यावर खिडकी काढ, प्रिंटरकडे पान पाठव. ही मागणी करायची भाषा विंडोजची वेगळी आणि लिनक्सची वेगळी, म्हणून विंडोजसाठी बांधलेला प्रोग्राम लिनक्सवर थेट चालत नाही. (वाइन नावाचा दुभाषा आहे, 1993 पासून लोक तो घडवतायत, आणि बरेच प्रोग्राम त्यामुळे चालतात. पण रोजच्या पोटापाण्याच्या कामासाठी त्याच्या भरवशावर राहू नये असं माझं मत.) फोटो, गाणी, पीडीएफ, पत्रं, हिशेबाचे तक्ते या झाल्या गाठी. त्या इकडून तिकडे नेता येतात. तेव्हा बदलायच्या आधी प्रत्येक फाइलबद्दल एकच प्रश्न विचारायचा: ही फाइल दुसऱ्या गाडीत चढेल का?

लिनक्सची कुळकथा मी लांबवत नाही. 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने त्याचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांना खुला ठेवला. त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या मंडळींनी आपापले संच बांधले. उबंटू, फेडोरा, डेबियन, मिंट ही त्या संचांची नावं. आम्ही मिंट घेतलं, कारण त्याचा मेनू खाली डावीकडे असतो आणि खालची पट्टी विंडोजसारखी दिसते. दोन जीबी रॅमवरही ते चालतं, चार असेल तर बरं. विकत घ्यावं लागत नाही. नवशिक्या माणसाने कोणता संच चांगला यावर महिनाभर खल करू नये. यातला कुठलाही घ्या, घरगुती कामाला पुरतो.

खरं काम त्याआधी सुरू होतं. मी घरात एक वही ठेवली आणि आठ दिवस प्रत्येकाला सांगितलं, लॅपटॉपवर जे जे उघडाल ते लिहा. आईच्या पानावर बँक, वीजबिल, यूट्यूब, व्हॉट्सॲप, मावशीशी व्हिडिओ कॉल. यातलं सगळं ब्राउझरमध्ये होतं, म्हणजे आईच्या दृष्टीने रूळ कोणताही असो, काही फरक नाही. बाबांच्या पानावर एकच ओळ होती, ‘वर्ड’, आणि ती आठही दिवस. माझ्या पानावर फोटो, एक्सेल आणि प्रिंटर.

वही भरली की पुढची पायरी विंडोजवरच करायची. ही गोष्ट लोक उलटी करतात. एकाच दिवशी प्रणालीही बदलतात आणि सगळे प्रोग्रामही, मग काहीही अडलं की दोष कुणाचा तेच कळत नाही. लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स (ब्राउझर), व्हीएलसी (व्हिडिओसाठी), जिंप (फोटोंसाठी) हे लिनक्सवर चालतात तसे विंडोजवरही चालतात. ते तिथे टाकायचे आणि महिनाभर त्यांच्यावरच काम करायचं. ज्या दिवशी जुना प्रोग्राम उघडायची गरज पडत नाही, त्या दिवशी तुम्ही निम्मे तिकडे पोचलात. आमचा महिनाभराचा सराव झाला तेव्हा बाबांना लिबरऑफिस रायटर वर्डपेक्षा निराळं वाटेनासं झालं होतं.

याच महिन्यात हेही कळतं, की काही जणांनी बदलूच नये. माझ्या काकांचं वर्ध्याला दुकान आहे, हिशेब टॅलीवर. टॅली विंडोजसाठी आहे. त्यांनी विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, “काका, दुकानाचा संगणक हलवू नका, जमेल तेव्हा नवं यंत्र घ्या.” कोरलड्रॉवर पत्रिका-फ्लेक्स करणारे, फोटोशॉपवर पोट असलेले, एक्सेलमध्ये भरपूर मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या छोट्या आज्ञा) लिहून ठेवलेले, यांनाही माझा हाच सल्ला. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का आणि ज्या संकेतस्थळावर सही करता ते तिथे चालतं का, हे आधी करून बघा. जर्मनीतल्या म्युनिक शहराने 2003 मध्ये पालिकेचे संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं, 2013 पर्यंत सुमारे 15,000 संगणक नेले, आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. त्या उलटसुलट निर्णयांत राजकारणही पुष्कळ होतं. पण ठरीव पत्रांचे नमुने, अर्ज आणि मॅक्रो नव्या घरात आणायलाच त्यांना फार खपावं लागलं, हे कुणीही नाकारत नाही.

आता बाबांची गोष्ट. महिनाभर सगळं छान चाललं, कारण विंडोजवर त्यांचे जुने फॉन्ट होतेच. मिंट टाकल्यावर त्यांनी पहिली फाइल उघडली. दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरच्या पायविहिरीवरचा लेख. पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, तिरक्या रेघा, काही अर्थ लागू नये अशा. बाबा मागे रेलले आणि म्हणाले, “अरे बाप्पा! गेलं का सगळं?”

काही गेलं नव्हतं. काय झालं होतं ते मात्र समजून घेण्यासारखं आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. फाइलमध्ये आकडे साठवलेले असतात आणि कोणत्या आकड्याला कोणतं चित्र काढायचं ते फॉन्ट सांगतो. लहान इंग्रजी ‘ई’ चा आकडा 101. जुन्या काळी एका फॉन्टमध्ये फार तर 256 आकड्यांची जागा असायची आणि मराठीसाठी त्यात काही राखून ठेवलेलं नव्हतं. मग फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. आकडे इंग्रजीचेच ठेवले आणि त्यांच्यापुढची चित्रं बदलली. बाबा वापरतात त्या कृतिदेव फॉन्टमध्ये 101 समोर ‘म’ चं चित्र आहे. बाबांनी ‘मराठी’ असं लिहिलं, की फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतं ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट जागेवर आहे तोवर ‘मराठी’ दिसतं. फॉन्ट काढून घेतला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. फाइलीत मराठी कधी नव्हतंच, मराठीची चित्रं होती.

त्यात प्रत्येक फॉन्टवाल्याची मांडणी वेगळी. श्रीलिपी, शिवाजी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएमचे सुरेख-योगेश, सगळ्यांचे ‘म’ निरनिराळ्या आकड्यांवर. आपल्याकडे सरकारी कार्यालयं, वर्तमानपत्रं, छापखाने, दिवाळी अंक सगळे वर्षानुवर्षं याच पद्धतीवर चालले. त्या काळात दुसरा चांगला मार्ग नव्हता आणि त्या फॉन्टांनी मराठी छपाईचं मोठं काम केलं, हे मी मनापासून मानते. पण ते काम आता चित्रांत अडकून पडलं आहे.

युनिकोडने हे सोडवलं. त्यात जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा आहे. देवनागरीला 2304 ते 2431 असे 128 आकडे दिले आहेत. ‘म’ म्हणजे 2350, ‘ळ’ म्हणजे 2355. मग विंडोज असो, लिनक्स असो की फोन, सगळीकडे तेच. विंडोजवर मंगल फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल लिनक्सवर उघडली तर तिथे मंगल नसतो. प्रणाली त्याजागी लोहित किंवा नोटोसारखा दुसरा देवनागरी फॉन्ट वापरते. ओळी थोड्या सरकतात, एखादं पान वाढतं, पण मजकूर वाचता येतो. (लोहित फॉन्टांवर पुण्यात रेड हॅटच्या मंडळींनी पुष्कळ काम केलं आहे. आज लिनक्सवर आपण मराठी सहज वाचतो त्यामागे असे बरेच हात आहेत.)

आपली फाइल कोणत्या जातीची, हे ओळखायला मिनिट लागत नाही. फाइलमधली एक ओळ उचला आणि ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या चौकटीत चिकटवा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड. इंग्रजी कचरा उमटला तर जुना फॉन्ट. ही तपासणी विंडोज सोडायच्या आधी करा. मी केली नव्हती, आणि बाबांचा तो पडलेला चेहरा मला बघावा लागला.

पहिला उपाय तात्पुरता. कृतिदेवची फॉन्ट फाइल विंडोजवरून उचलून लिनक्सवर टाकली. असे फॉन्ट तिथेही चालतात. लेख पुन्हा दिसायला लागला. बाबा म्हणाले, “दिसते ना? मग झालं!” मी शोधाच्या खिडकीत ‘पायविहीर’ लिहिलं आणि सगळा फोल्डर धुंडाळला. सापडलेल्या फायली शून्य. बाबांनी तो शब्द शेकडो वेळा लिहिला असेल, पण त्यांच्या फायलींत ‘य’ म्हणजे अर्धविराम आणि ‘व’ म्हणजे इंग्रजी ‘ओ’. शोधणाऱ्याला सापडणार काय? तेव्हा बाबा गप्प झाले आणि म्हणाले, “बरं, बदल.”

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत. हा आकडा काढून तो आकडा घालायचा, एवढंच त्यांचं काम असेल असं वाटतं, पण तसं नाही. ‘वि’ घ्या. जुन्या पद्धतीत आधी वेलांटी टाइप करायची आणि मग ‘व’, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम आहे, आधी व्यंजन, मग वेलांटी. म्हणजे परिवर्तकाला जागांची अदलाबदल करावी लागते. रफाराचं आणखी गुंतागुंतीचं. ‘वर्धा’ हा शब्द कृतिदेवमध्ये असा साठतो: व, मग ‘ध’ चा दंडाविना भाग, मग दंड, मग काना, आणि सगळ्यात शेवटी रफार. दंड आणि काना दोन्ही एकाच कळीचे, इंग्रजी ‘के’. युनिकोडमध्ये क्रम असा: व, र, हलन्त, ध, काना. शेवटच्या रफाराला उचलून दुसऱ्या जागी आणायचं, आणि दोन सारख्या ‘के’ पैकी दंड कोणता, काना कोणता ते ओळखायचं. चांगला परिवर्तक हे बरोबर करतो. साधा परिवर्तक इथेच घसरतो.

म्हणून मी आधी पाच पानं बदलून बघितली आणि बाबांनी ती मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिली. त्यांनी हेरलेल्या चुका सांगते, कारण तुमच्याकडेही त्याच निघतील. एक, दऱ्या आणि दर्या यांतला ‘ऱ’. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला परिवर्तक दोन्हींना रफारच देतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. दोन, ‘ॲ’ आणि ‘ऑ’. तीन, मजकुरात मधे आलेली खरी इंग्रजी नावं. बाबांनी गॅझेटियरमधले उतारे इंग्रजीत दिले होते. परिवर्तकाला वाटलं तेही कृतिदेवच, आणि त्याने त्यांचं भलतंच मराठी करून ठेवलं. असे उतारे आधी वेगळे काढून ठेवायचे. आणि खाजगी कागद, मृत्युपत्र, जमिनीचे दस्त असलं काही अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका. स्वतःच्या यंत्रावर चालणारा परिवर्तक घ्या.

61 फायली होत्या. मूळ फोल्डर आम्ही तसाच ठेवला, शेजारी ‘युनिकोड’ नावाचा नवा केला, आणि संध्याकाळी जेवणाआधी दोन-दोन फायली अशा महिनाभरात संपवल्या. बाबा वाचायचे, मी दुरुस्त करायची.

या कामापुढे मिंट टाकणं अगदी किरकोळ. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर मिंट चढवून लॅपटॉप त्यावरून सुरू केला, की हार्डडिस्कला हात न लावता सगळं चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर हे तिथेच तपासून घ्या. आमच्याकडे एका जुन्या लेझर प्रिंटरने ऐकलं नाही, आणि ते आधीच कळलं म्हणून बरं झालं. टाकण्याआधी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क लॅपटॉपमधून काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर घाईत तीच पुसली जाऊ शकते. नव्या यंत्रांवर विंडोजची डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची 48 आकडी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर स्वतःच्याच फायली स्वतःला उघडता यायच्या नाहीत.

विंडोज आणि लिनक्स शेजारीशेजारी ठेवायचे असतील, तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि त्या डिस्कवर लिनक्सला लिहू देत नाही. आणखी एक गंमत. घड्याळ कधीकधी साडेपाच तास मागे जातं. यंत्रातल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, आणि आपल्या वेळेत अन् तिकडच्या वेळेत बरोबर साडेपाच तासांचा फरक. यंत्र बिघडलं असं समजू नका. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की थांबतं.

टाकल्यावर लॅपटॉप वेगवान झाला का? झाला, पण सगळं श्रेय लिनक्सचं नाही. आम्ही फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, हीही बसवली. जुन्या यंत्राला एसएसडीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही.

सवयी बदलायला वेळ लागला. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह नसतात. एकच मूळ आणि त्याच्या फांद्या, पेनड्राइव्हही त्या झाडाचीच एक फांदी होऊन दिसतो. इंग्रजी नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, त्यामुळे एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या तर त्या खरंच दोन असतात. प्रोग्राम संकेतस्थळावरून उतरवून क्लिक करायचा नाही. ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ मध्ये शोधायचा, फोनवर ॲप शोधतो तसा, आणि अपडेटही ‘अपडेट मॅनेजर’ मधून एकत्र येतात. हे आईला सगळ्यात आवडलं, कारण कुठून काय उतरवलं तर व्हायरस येईल याची तिला कायम धास्ती असायची. वर्डमधल्या फायलींची पानं थोडी हलली. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो आणि टाइम्सऐवजी लिबरेशन सेरिफ हे त्याच मापाचे फॉन्ट बसवले, आणि बरंच जागेवर आलं.

टायपिंगचं काय, हा मराठी माणसाचा शेवटचा आणि रास्त प्रश्न. इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी येत असेल तर काहीच शिकावं लागत नाही, मांडणी तीच आहे. उच्चाराप्रमाणे लिहायची सवय असेल तर फोनेटिक मांडण्या मिळतात, फक्त काही कळा इकडच्या तिकडे असतात. टाइपरायटरवर घडलेल्या हातांसाठी आयबस या लिनक्सवरच्या टायपिंगच्या सोयीत रेमिंग्टनची हिंदी मांडणीही आहे. बाबांचा हात कृतिदेवचा, म्हणजे टाइपरायटरचाच. मी त्यांना तीच सुचवली. त्यांनी ऐकलं नाही. “शिकतो न इन्स्क्रिप्ट, फोनवरही तीच ठेवता येते म्हणतेस,” म्हणाले.

एक काम राहिलं आहे. गावच्या शाळेच्या स्मरणिकेची, पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्राममधली फाइल. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची. लिबरऑफिस ड्रॉमध्ये ती उघडून बघितली तर चौकटी आल्या, मजकूर तुटक आला. छापील प्रत कपाटात आहे. ती बाबांनी पुन्हा टाइप करायला घेतली आहे, रोज दोन पानं, इन्स्क्रिप्टवर. ‘ळ’ ला बोट अजून जुन्या जागी, शिफ्ट धरून ‘जी’ वर जातं, आणि इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ‘उ’ आहे. ‘वेळ’ लिहायला जातात आणि ‘वेउ’ उमटतं. मग मागे येऊन खोडतात, शिफ्ट धरून ‘एन’ दाबतात आणि पुढची ओळ घेतात.